डोळे उत्तम आहेत

“हा खांब इथे कुणी आणून ठेवला?” गाडीतून उतरता उतरता डॉक्टरांनी मला विचारलं.

मी वरच्या गॅलरीत केस वाळवत उभी होते. खाली आमच्या हॉस्पिटलच्या फाटकाचा उजवा खांब होता आणि त्याला पाठ लावून आमची गाडी उभी होती. मागच्या दिव्याच्या लाल काचा अंगणभर पसरल्या होत्या.

“आपणहून चालत आला असेल,” मी म्हटलं. “इतकी वर्षं एका जागी उभा राहून कंटाळला असेल बिचारा.”

“चेष्टा नको. नगरपालिकेनं रस्ता अरुंद करून ठेवलाय.”

“हो ना. आणि नेमका आपल्या फाटकाच्या आतला.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खांबाकडे एकदा रागानं बघून आत निघून गेले. आमच्या घरात वाद असाच मिटायचा. शेवटचा शब्द माझा, आणि त्यांना पटलं नाहीच हे त्यांच्या पाठीवर लिहिलेलं.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान, डॉ. मन्मथ बिराजदार. बार्शीत त्यांचं डोळ्यांचं हॉस्पिटल. खाली दवाखाना, वर आम्ही. आसपासच्या गावांतल्या निम्म्या आज्ज्यांचे मोतीबिंदू त्यांनीच काढलेले. मी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते, आता निवृत्त. सगळं गाव मला ‘बाई’ म्हणतं म्हणून तेही बाईच म्हणायचे. माझं खरं नाव निलांबिका. ते त्यांच्या तोंडून क्वचित, काही खरंच बोलायचं असलं तरच यायचं. बाकी आमचा सगळा संसार टोमण्यांवर चालला होता आणि दोघांनाही तो मानवला होता. मुलगी पुण्याला असते. तिच्या मते आम्ही एकमेकांवर प्रेम करत नाही, एकमेकांचं निरीक्षण करतो.

तर त्या वर्षी घरातल्या सगळ्या वस्तूंनी मिळून डॉक्टरांविरुद्ध कट केला होता. कप बशीवरून आपोआप सरकायचा आणि चहा टेबलावर ओतला जायचा. जिन्याची शेवटची पायरी कधी असायची, कधी नसायची. पेपरवाल्यांना ओळी सरळ छापता येईनाशा झाल्या होत्या. डॉक्टर एक ओळ वाचून तिसऱ्याच ओळीवर जायचे आणि म्हणायचे, “काय भाषा आहे ही! वाक्याला अर्थच नाही.” पांढऱ्या बशीत दहीभात वाढला तर “वाढ की” म्हणायचे. वाढलेला असायचा. मी म्हणायचे, “तूप घालू की आधी आरती ओवाळू, म्हणजे दिसेल?” दारात मी नवं काळं पायपुसणं टाकलं तर त्यावर पाय न ठेवता लांब ढांग टाकून पलीकडे जायचे, खड्डा ओलांडावा तसे.

“ते पायपुसणं आहे, विहीर नाही,” मी म्हटलं.

“रंग चुकीचा निवडलायस.”

आमच्याकडे चूक कधी माणसांची नव्हतीच. कधी रंगाची असायची, कधी छपाईची, नाहीतर महावितरणच्या कमी दाबाची.

बरं, नवरा डोळ्यांचा डॉक्टर, तेव्हा डोळे तपासायला सांगायची सोय नाही. ते स्वतःच तपासायचे. खाली जाऊन अक्षरांचा तक्ता लावायचे, सगळ्यात बारीक ओळ धडाधड वाचायचे आणि वर येऊन जाहीर करायचे, “डोळे उत्तम आहेत. तुझ्यापेक्षा चांगले.” तरी चष्मे बदलतच होते. एक जाड काडीचा आला, एक बिनकाडीचा आला, मग वरून लांबचं खालून जवळचं दाखवणारा आला. प्रत्येक नव्या चष्म्यासरशी ते आठवडाभर खुशीत असायचे आणि मग तोही बिघडायचा.

खांबाच्या प्रकारानंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं. “व्यायाम,” म्हणाले. बाजारात चालत, भगवंताच्या देवळात चालत. आयुष्यभर कोपऱ्यावर पान आणायला गाडी काढणारा माणूस. मला वाटलं, चला, खांबानं एक काम तरी केलं.

दिवाळी झाली. संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी ते माझ्या समोर, हातभर अंतरावर, टेबलावरचं पेन शोधत होते. पेन त्यांच्या बोटांजवळ पडलेलं. त्यांची नजर त्यावरून दोनदा गेली. मी काहीतरी झणझणीत बोलायला तोंड उघडलं आणि बोललेच नाही. कारण मला कुर्डुवाडीच्या त्या शिक्षिका आठवल्या.

ती डॉक्टरांची आवडती केस. क्लबात भाषण असो की लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी सापडो, ती हमखास सांगायचे. त्या बाईंना फळ्यावरचं दिसेना, वही सापडेना, पायऱ्या चुकायच्या. पाच ठिकाणी डोळे तपासले, सगळे म्हणाले उत्तम. एकानं तर मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून टाकलं, उगाच. शेवटी आमच्याकडे आल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, “बाई, तुमचा डोळा बघतोय. पण बघितलेलं ओळखायचं काम मेंदूचं. ते अडलंय.” आणि सोलापूरला मेंदूच्या डॉक्टर आहेत, पद्मजा येमूल, त्यांच्याकडे पाठवलं. तो अल्झायमर निघाला. विसरण्यापासून नाही, बघण्यापासून सुरू झालेला. “लोकांना वाटतं हा आजार आठवणीचा,” डॉक्टर पंगतीत जिलबी धरून सांगायचे, “पण कधीकधी तो पहिल्यांदा डोळ्यांच्या दारात येतो. आणि आम्ही डोळेवाले त्याला चष्मा देऊन परत पाठवतो.”

टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या होत्या.

पेन शेवटी त्यांना सापडलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. आजाराची भीती मागून आली, आधी दुसरीच आली. मंगळवार आणि शुक्रवार हे आमच्याकडे ऑपरेशनचे दिवस. ज्या माणसाला हातभरावरचं पेन सापडत नाही तो माणूस आठवड्यातून दोनदा लोकांच्या डोळ्यांत सुरी घालत होता.

दुसऱ्या दिवशी मी खाली तबस्सुमला गाठलं. डॉ. तबस्सुम मुजावर, डॉक्टरांच्या हाताखाली दोन वर्षांपूर्वी लागलेली. शाळेत माझीच विद्यार्थिनी, तेव्हा खोटं बोलताना तिचा उजवा कान लाल होतो हे मला ठाऊक होतं.

“ऑपरेशनं कशी होतायत गं?”

“छान, बाई.”

“सरांचा हात?”

“सर आहेत ना बाई. काळजी नका करू.”

कान लाल.

“तबस्सुम, मी काय विचारतेय कळतंय का तुला?”

“कळतंय बाई,” ती म्हणाली आणि पेशंटला औषध घालायचंय म्हणून पळाली. खोलीत पेशंट नव्हता.

म्हणजे तीही सामील. गुरूवर श्रद्धा असावी, पण दुसऱ्याचे डोळे पणाला लावून असू नये. पुढच्या शुक्रवारी मी जिन्यात उभी राहिले. डॉक्टर हिरवा झगा घालून ऑपरेशन थिएटरमध्ये गेले, दार बंद झालं. मी अर्धा तास जिन्याच्या कठड्याला धरून होते. आतून किंकाळी वगैरे आली नाही. पेशंट बाहेर आला, डोळ्यावर पट्टी, हात जोडून म्हणाला, “देवमाणूस आहेत सर.” मी मनात म्हटलं, देव भलं करो, कारण सर काय करतील सांगता येत नाही.

आता ‘अहो, तुमचा मेंदू तपासून घ्या’ असं यांना सांगणार कोण? लग्नात घोड्यावर बसताना पडले होते, तेव्हाही घोडा कमी उंचीचा होता असं म्हणाले होते. म्हणून मी माझं डोकं दुखवलं. सलग चार दिवस कपाळाला बाम लावून, दिवे मालवून पडून राहिले. अभिनयात मी वाईट नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनात कैकेयी करायचे.

“मेंदूच्या डॉक्टरला दाखवायला हवं,” मी कण्हत म्हटलं. “त्या तुमच्या येमूल मॅडम आहेत ना सोलापूरला?”

डॉक्टरांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, “जाऊ या.”

“मी गाडीत मागे आडवी होईन. तुम्ही जवळ बसायला हवं. म्हणजे ड्रायव्हर लागेल.” भांडणाची पूर्ण तयारी करून मी हे वाक्य बोलले होते.

त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. “शेजारच्या मेडिकलवाल्यांच्या नागनाथला सांग.”

मी इतकी गोंधळले की कण्हायचं विसरले.

सकाळी निघालो. वैराग गेलं तसं ज्वारीची शेतं दोन्ही बाजूंना. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून आजारी पडले होते.

“कुठल्या बाजूला दुखतं?” त्यांनी विचारलं.

“डाव्या.”

“काल उजव्या म्हणालीस.”

“सरकतं ते.”

“वा! वैद्यकशास्त्राला नवीन आहे हे,” डॉक्टर म्हणाले. “मॅडमना आवडेल.”

येमूल मॅडमचा दवाखाना छोटा आणि नीटनेटका होता. आमचा नंबर आला. डॉक्टरांचा हात मी धरला होता, आजाऱ्यानं आधारासाठी धरावा तसा. दारातला उंबरठा मात्र मीच त्यांना बोट दाबून सांगितला. आत मॅडम उठून उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, इरकली साडी, शांत चेहरा.

“या सर,” त्या म्हणाल्या. “बरं झालं. शेवटी बाईंना आणलंत.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे काही नव्हतं.

“मागच्या दोन्ही वेळी मी सरांना हेच सांगत होते,” मॅडम मला म्हणाल्या, “की घरी सांगितल्याशिवाय हे पुढे...”

“मॅडम,” डॉक्टर घाईनं म्हणाले, “आज पेशंट ती आहे. तिचं डोकं दुखतंय.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. “दुखतंय का बाई?”

“आत्तापर्यंत नव्हतं दुखत,” मी म्हटलं.

डॉक्टर अवघडून हसले. “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, मॅडम. हिचं डोकं दुखत नाही. ही दुसऱ्यांचं दुखवते.”

“कळलं होतं तर आलात कशाला?” मी.

“माझ्यानं सांगवत नव्हतं. म्हटलं, तू मला फसवून नेतेयस तर ने. तिथे मॅडम सांगतील.”

“काय सांगतील?”

मॅडमनी सांगितलं नाही, दाखवलं. टेबलावरून अक्षरांचं एक कार्ड उचलून डॉक्टरांपुढे धरलं. डॉक्टरांनी सगळ्यात बारीक ओळ न अडखळता वाचली. “डोळे उत्तम आहेत,” मॅडम म्हणाल्या. मग दुसरं कार्ड धरलं. त्यावर एक उघडी छत्री काढलेली होती. साधी, पाटीवर बालवाडीतलं पोर काढतं तशी.

“काय आहे सर?”

डॉक्टर पुढे वाकले. “दांडा आहे. खाली वाकडा झालाय.” बोट चित्रावरून फिरत होतं. “वर... रेषा आहेत. काड्या. एक कमान.” ते थांबले. कपाळावर घाम दिसायला लागला. “एकत्र होत नाही, मॅडम. तुकडे दिसतात सगळे. काठी आहे का?”

मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या. एवढी सोपी घेतली नव्हती आणि एवढी अवघडही.

“छत्री आहे हो,” मी म्हटलं.

“हां,” डॉक्टर म्हणाले. “छत्री.” आणि एकदम ती त्यांना दिसली असावी, कारण त्यांनी मान हलवली.

पुढचं त्यांनीच सांगितलं, पंगतीत सांगायचे त्याच सुरात, पण जिलबीशिवाय. गाडी खांबावर गेली त्याच दिवशी त्यांना संशय आला होता. खांब त्यांना दिसला होता. खांब आहे हे कळलं नव्हतं. दवाखान्यात डोळ्याच्या पडद्याचे थर मोजायचं मशीन आहे. संध्याकाळी तबस्सुमला बसवून त्यांनी स्वतःचे डोळे मोजून घेतले. मज्जातंतूंचा थर वयाच्या मानानं पातळ निघाला. फिकट होत जाणाऱ्या करड्या अक्षरांच्या तक्त्यावर तर ते अर्ध्यातच अडकले. “त्यावरून निदान होत नाही,” ते म्हणाले. “थर दुसऱ्या कारणांनीही पातळ होतो. पण कुर्डुवाडीच्या बाईंना मी इथे पाठवलं होतं. मग स्वतःला कसा नाही पाठवणार?” तबस्सुमनं त्यांना सोलापूरला आणलं. मला सांगितलं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरांची मीटिंग आहे. मेंदूचे फोटो झाले. मागचा भाग आकसत चालला होता.

“आणि ऑपरेशनं?” माझा आवाज मलाच मोठा वाटला. “अहो, ऑपरेशनं करताय तुम्ही!”

“दसऱ्यापासून सुरीला हात लावलेला नाही. तबस्सुम करते. मी स्टुलावर बसतो. पेशंटला आधी सांगतो, या करणार आहेत, मी शेजारी असेन. चालत असेल तर झोपा. सगळ्या बार्शीला माहीत आहे. बातमी फक्त वरच्या मजल्यावर पोचली नव्हती.”

मी मुख्याध्यापिका. शाळेत कुठल्या वर्गात कोण चिंच खातंय हे ऑफिसात बसून सांगायची. तबस्सुमचा कान लाल झाला तो घरी न सांगण्याच्या, सरांनी घातलेल्या शपथेमुळे हे मला उमगलं नाही, आणि जिन्याच्या कठड्याला धरून मी ज्या ऑपरेशनला घाबरत होते ते माझ्याच विद्यार्थिनीनं झकास पार पाडलं होतं.

मॅडमनी औषधं सांगितली, पुढे काय होईल तेही सांगितलं. न गोड करता, न घाबरवता. अजून आठवण शाबूत आहे, पण पुढे कधीतरी तीही जाईल. काही वर्षं चांगली मिळतील. घरात गर्द रंगाची ताटं वापरा, पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी मारा. निघताना मला म्हणाल्या, “तुम्हाला काही विचारायचंय?” मला पुष्कळ विचारायचं होतं. त्यातलं एकही त्यांच्या विषयातलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी सरळ बसले. डोकं टेकायचं कारण संपलं होतं. वैरागला नागनाथनं चहासाठी गाडी थांबवली. टपरीसमोर बाकडं होतं. मी डॉक्टरांना दंडाला धरून बसवलं, कप दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “गरम आहे हं. जपून.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. अर्धा बाकड्यावर, अर्धा बाहेर. मी धरला.

“हेच,” ते म्हणाले. “हेच नको होतं मला.”

“काय?”

“हे ‘हं’. लग्न झाल्यापासून तू मला ‘हं’ म्हणालेली नाहीस. गॅलरीतून खांबावरून बोललीस, दहीभातावरून बोललीस. निला, तू तशी बोलत होतीस तोवर मी नुसता वेंधळा होतो. वेंधळा तर मी पहिल्यापासून आहे. तू गोड बोललीस की मी आजारी.”

टपरीवाल्याचा स्टोव्ह फरफरत होता. एक एसटी थांबून गेली. मी आधी चहा प्यायले. मग त्यांच्या शर्टाकडे पाहिलं.

“दोन बटणं चुकलीत,” मी म्हटलं. “सकाळपासून एक बाजू वर, एक बाजू खाली घेऊन सोलापूर फिरून आलात. येमूल मॅडमना वाटलं असेल, बार्शीत अशीच फॅशन आहे.”

“मग सकाळी का नाही सांगितलंस?”

“माझं डोकं दुखत होतं.”

डॉक्टर असे हसले की नागनाथनं वळून पाहिलं. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मी दुसरीकडे बघितलं.

काही वर्षं चांगली मिळतील असं मॅडम म्हणाल्या होत्या. मिळाली. डॉक्टर रोज खाली जाऊन बसायचे, म्हाताऱ्यांशी गप्पा मारायचे. डोळे उत्तम असूनही दिसत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला ते ठासून सांगायचे, चष्मा बदलू नका, डॉक्टर बदला. त्यांतले दोघेतिघे तरी वेळेत सोलापूरला पोचले. मग पायऱ्या उतरणं थांबलं, मग वाचणं, मग नावं. तबस्सुमचं नाव गेलं, मुलीचं गेलं. हॉस्पिटल तबस्सुम चालवते.

मागल्या हिवाळ्यात डॉक्टरांची धाकटी बहीण, गंगाबाई, लातूरहून राहायला आली. दोन दिवस तिनं माझं बोलणं ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी तिचे डोळे भरून आले. “वहिनी, आजारी माणसाशी असं बोलतात का? त्याला कळत नसेल, पण देवाला कळतं.”

नणंदेशी वाद घालायचं माझं वय राहिलं नव्हतं. त्या दुपारी मी तिच्यासमोर डॉक्टरांना भरवायला बसले. मऊ भात, वरून तूप, गर्द निळ्या ताटलीत. “घ्या ना,” मी म्हटलं, साखरेत घोळवलेल्या आवाजात. “एक घास घ्या बघू. किती छान जेवताय तुम्ही.”

डॉक्टरांनी ओठ मिटून घेतले. मान दाराकडे वळवली, मग खिडकीकडे. हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाले. मी अजून गोड झाले, तसे ते अजून बावरले. शेवटी माझ्याकडे बघत, आवाज खाली आणून, परक्या बाईला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “बाई कुठे गेल्या?”

गंगाबाईनं पदर तोंडाला लावला.

“इथेच आहेत,” मी म्हटलं. “जाणार कुठे? तुमच्यामागे माझी सुट्टी कधी मंजूर झालीय? आणि तो स्वेटर उलटा चढवलाय, शिवण सगळी वर आलीय. लोक म्हणतील, डॉक्टरांची बायको घरात नसते.”

त्यांनी हातानं छातीवर चाचपून बघितलं. खांदे हळूहळू सैल पडले.

“सुलटाच आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि तोंड उघडलं.